जुम्म्याचा सिनेमा

मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी दोन पाळ्यांत रात्रंदिवस चालणारी खटखट त्या दिवशी थांबते. कामगार उशिरा उठतो, न्हाऊन-धुऊन जुम्म्याची नमाज पढतो, आठवड्याचा पगार खिशात खुळखुळत असतो, आणि दुपार कलली की पावलं आपसूक पिक्चरकडे वळतात. नवा सिनेमा शुक्रवारी लावायचा हा मुंबईच्या वितरकांचा रिवाज. मालेगावात तो यंत्रमागाच्या सुट्टीशी असा काही जुळून आला, की इथला शुक्रवार निम्मा नमाजेचा आणि निम्मा सिनेमाचा झाला.

12 नोव्हेंबर 2023 रोजी, ऐन लक्ष्मीपूजनाला, सलमान खानचा ‘टायगर 3’ लागला. मोहन थिएटरमध्ये पडद्यावर सलमान अवतरताच प्रेक्षकांतल्या काहींनी हॉलच्या आतच फटाके लावले. खुर्च्यांच्या डोक्यावरून बाण सुटले, लोक जीव मुठीत धरून दाराकडे धावले. तो व्हिडिओ देशभर फिरला, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि आपल्या चाहत्यांना आवरा म्हणायची वेळ खुद्द सलमानवर आली. वाहिन्यांनी दोन दिवस मालेगावच्या वेडाची टिंगल केली. बंद हॉलमध्ये बाण सोडणं हा शुद्ध आचरटपणा, त्यात दुमत नाही. पण सिनेमा समोर बसून नुसता पाहायचा, ही कल्पनाच या गावाला कधी मानवलेली नाही. फटाके उडवणाऱ्यांच्या आधीची पिढी याहून पुष्कळ चांगल्या रीतीने पडद्यावर घुसली होती. तिने स्वतःचे सिनेमे काढले.

मल्याळम सिनेमाविषयी मराठी माणूस हल्ली हौसेने बोलतो. टाळेबंदीत घरोघरी ओटीटी आलं आणि कोचीजवळच्या बेटावरचे चार भाऊ (‘कुंबळंगी नाइट्स’, 2019) किंवा सकाळपासून रात्रीपर्यंत ओट्याशी जुंपलेली नवी सून (‘द ग्रेट इंडियन किचन’, 2021) आपल्या ओळखीची झाली. त्या सिनेमात केरळ दिसतो: पाऊस, मासे, चर्च, पक्ष, आखातातून येणारा पैसा. मग नाशिकच्या कट्ट्यावर प्रश्न निघतोच, की आपला सिनेमा आपल्या माणसांना असा का ओळखत नाही? प्रश्न रास्त आहे. फक्त विचारणाऱ्याला एक गोष्ट बहुधा माहीत नसते. आग्रा महामार्गाने ओझर, पिंपळगाव, चांदवड मागे टाकून, राहूड घाट उतरून शंभरेक किलोमीटरवर जावं, तर आपल्याच जिल्ह्यात एका गावाने आपल्यापुरता सिनेमा करून पाहिला आहे. तो मराठीत नव्हता आणि कुठल्या महोत्सवासाठीही नव्हता, म्हणून आपल्या नजरेतून सुटला.

*

नासिर शेख हे या गोष्टीतलं मुख्य नाव. त्यांच्या घरचं व्हिडिओ पार्लर होतं. एखादी लांबट खोली, बाकडी, टीव्ही, व्हीसीआर आणि थिएटरच्या मानाने किरकोळ तिकीट, असा हा धंदा ऐंशी-नव्वदच्या दशकांत महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्याला होता. नासिर तिथे हिंदी सिनेमांबरोबर ब्रूस ली, जॅकी चॅन, चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन दाखवत. इंग्रजी कळण्याचा प्रश्नच नव्हता; चॅप्लिन-कीटनला तर बोलण्याची गरजच नाही. प्रेक्षक कुठे हसतो, कुठे कंटाळून बाहेर बिडी ओढायला जातो, हे ते रोज पाहत होते. मग त्यांनी दोन व्हीसीआर जोडून कंटाळवाणे भाग काढून टाकायला आणि एका सिनेमातली मारामारी दुसऱ्यात डकवायला सुरुवात केली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ज्याला संकलन म्हणतात, ते नासिर शेख गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून शिकले.

इथे मल्याळम सिनेमातलं एक पात्र आठवल्याशिवाय राहत नाही. जीतू जोसेफ यांच्या ‘दृश्यम’मधला (2013) जॉर्जकुट्टी चौथीत शाळा सोडलेला केबलवाला आहे. रात्र-रात्र ऑफिसात बसून सिनेमे पाहणं हेच त्याचं सगळं शिक्षण. निशिकांत कामत यांनी 2015 मध्ये त्यालाच गोव्यात आणून विजय साळगावकर केलं. साळगावकराने सिनेमाचं ज्ञान पोलिसांना चकवायला वापरलं. नासिर यांच्या गोष्टीतही पोलीस आहेत. पार्लरमध्ये दाखवले जाणारे सिनेमे अर्थातच विनापरवाना असत. छापे पडू लागले, माल जप्त होऊ लागला, आणि दुसऱ्याचा सिनेमा दाखवता येत नसेल तर आपलाच काढावा, असं त्यांच्या मनाने घेतलं. ही हकीकत त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितली आहे.

2000 साली ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. खर्च सुमारे 50 हजार रुपये. रमेश सिप्पींच्या 1975 च्या ‘शोले’ला त्या काळचे 3 कोटी लागले होते. सिप्पींनी कर्नाटकात रामनगरजवळच्या खडकांत अख्खं रामगढ उभं केलं होतं. मालेगावकरांच्या वाट्याला गावाबाहेरचा माळ आला. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर आले. आगगाडी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून दरोडा बसवर पडला. कॅमेरा पुढे-मागे सरकवायला सायकल होती. तो वरून खाली आणायचा तर बैलगाडीचा दांडा कामी आला. नटांपैकी कोणी लूमवरचा, कोणी दुकानातला, कोणी हातगाडीवाला. तोंडवळा अमिताभ, धर्मेंद्र किंवा अमजदच्या जवळपास जाईल, एवढं पुरे होतं. पार्लरमध्ये सिनेमा लागला आणि तुफान चालला.

मालेगावच्या सिनेमावर लिहिणारे बहुतेक जण इथे थांबून जुगाडाचं कौतुक करतात. त्यात थोडी वरून पाहण्याची नजर असते. सायकलवरच्या गब्बरला प्रेक्षक हसला, कारण ती सायकल त्याच्या घराबाहेर उभी असते. कथा सगळी उसनी, गाणी उसनी, पोजसुद्धा उसन्या. पण घोड्याच्या जागी काय येणार, हे गावाने ठरवलं. मालेगावचे सिनेमे सलग पाहिले, तर गाव कथेत फारसं सापडत नाही. निर्मात्याला जे मिळालं नाही आणि त्याच्या जागी त्याने जे वापरलं, तिथे मात्र ते ठासून भरलेलं आहे. ‘करण अर्जुन’, ‘शान’ असे एकेक सिनेमे मग मालेगावचे होऊन आले. हमीद सुबहानींसारखे दिग्दर्शक, अक्रम खानसारखे नट, फरोग जाफरींसारखे लेखक या उद्योगात उतरले. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवर घर चालायचं, त्यातून उरलेल्या पैशात आणि वेळात सिनेमा व्हायचा.

*

हे मालेगावातच का झालं, मनमाडला किंवा येवल्याला का नाही, याचं उत्तर गावाच्या घडणीत आहे. गिरणा आणि मोसम या नद्यांच्या संगमाजवळचं हे ठाणं पेशवाईत नारोशंकर राजेबहाद्दरांच्या भुईकोटामुळे नावारूपाला आलं. 1869 मध्ये नाशिक जिल्हा वेगळा काढला जाईपर्यंत मालेगाव खानदेशात मोडत असे, आणि बोलण्यात ते आजही तिकडेच झुकतं. आसपासच्या खेड्यांची बोली अहिराणी. शहरात मात्र 1857 नंतरच्या पडझडीत उत्तरेकडून, अवध-बनारसच्या बाजूने आलेले मोमीन विणकर वसले. पुढे दुष्काळाने आणखी कुटुंबं आली, निजामाच्या मुलखातूनही आली. हातमाग होते, विसाव्या शतकाच्या मध्याला यंत्रमाग आले आणि वाढत लाखावर गेले. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेपाच लाखांच्या आसपास होती आणि तीत मुस्लिम तीन-चतुर्थांशांहून अधिक. मोसमच्या एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला कॅम्प आणि संगमेश्वरची मराठी वस्ती.

म्हणजे एकाच वेळी सुट्टी मिळणारे, हातात आठवड्याची रोकड असलेले, एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलायची सवय झालेले हजारो तरुण पुरुष एका गावात. शिवाय हे उर्दूचं गाव. इथे मुशायरे पहाटेपर्यंत रंगतात, उर्दू साप्ताहिकं निघतात, पुस्तकांच्या मेळ्याला झुंबड उडते. लूमवर बसणाऱ्याला शेर पाठ असणं ही इथे नवलाची गोष्ट नाही. सिनेमाला लागणारा लेखक, गीतकार, गवई आणि प्रेक्षक गावात आधीच होते. कमी होता तो फक्त कॅमेरा, आणि तो लग्नाच्या धंद्याने पुरवला.

या गावाची देशाला असलेली ओळख मात्र वेगळी. 2001 ची दंगल, 8 सप्टेंबर 2006 च्या शुक्रवारी, शब-ए-बरातच्या दिवशी, मशीद आणि कब्रस्तानाच्या आवारात झालेले स्फोट, पुन्हा 29 सप्टेंबर 2008 चा स्फोट. खटले वर्षानुवर्षं चालले. 2008 च्या खटल्यात 31 जुलै 2025 ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. मालेगाव हे नाव वर्तमानपत्रात आलं की बहुधा ‘संवेदनशील’ या विशेषणासकट येई. गावातल्या सिनेमात मात्र बॉम्ब नाही, दंगल नाही, पोलिसांची गाडी असलीच तर ती विनोदासाठी. याला कोणी पळवाट म्हणेल. पण शुक्रवारच्या स्फोटातून वाचलेला माणूस पुढच्या शुक्रवारी पैसे देऊन काय पाहणार, याचा नासिर आणि मंडळींना चांगलाच अंदाज होता.

*

या सिनेमात जे दिसत नाही, त्यात सर्वांत मोठी जागा बायकांची आहे. मालेगावच्या मुलींनी पडद्यावर काम करणं गावाला मंजूर नव्हतं, आजही फारसं नाही. नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. प्रेक्षकांतही पुरुषच. नायिकेच्या दृश्यांचं शूटिंग भराभर उरकायचं, कारण तिचा दिवस महाग. म्हणून अनेक सिनेमांत नायिका आहे-नाही अशीच राहते.

नाशिककरांनी यावर नाक मुरडायचं कारण नाही. 30 एप्रिल 1870 ला त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके 1912 मध्ये मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ जमवत होते, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. जाहिरात देऊन झाली, बदनाम वस्त्यांतून विचारणा झाली, तिथूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे गोरेगोमटे अण्णा साळुंके महिना पंधरा रुपयांवर तारामती झाले. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक वाळीत टाकतील, म्हणून हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं घरी सांगा, अशी फाळक्यांनी मंडळींना दिलेली शिकवण परेश मोकाशींच्या 2009 च्या सिनेमामुळे आता सर्वांना ठाऊक आहे. वांगणीला शूटिंगला गेलेल्या या मंडळींच्या ढाली-तलवारी पाहून गावकऱ्यांनी त्यांना दरोडेखोर समजून अडकवलं होतं, हेही त्याच काळातलं. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. फाळक्यांनी मग बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. भारतीय पडद्यावरच्या या पहिल्या दोन स्त्रिया फिरत्या नाटक कंपनीतल्या होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंना प्रतिष्ठित समाजाने आधीच दाराबाहेर ठेवलेलं होतं. आणखी गमावण्यासारखं त्यांच्यापाशी फारसं उरलं नव्हतं.

केरळात हीच गोष्ट रक्ताळलेली आहे. दंतवैद्यकीचं शिक्षण घेतलेले जे. सी. डॅनियल यांनी तिरुवनंतपुरमला ‘विगतकुमारन’ हा पहिला मल्याळी मूकपट काढला. 1930 च्या आसपास तो कॅपिटॉल थिएटरमध्ये दाखवला गेला. नायिका पी. के. रोझी, दलित समाजातली, गवत कापून पोट भरणारी. पडद्यावर तिने नायर घराण्यातल्या स्त्रीचं काम केलं, एवढा तिचा अपराध. सवर्ण प्रेक्षकांनी पडद्यावर दगड फेकले, तिचं घर जाळलं, आणि ती तमिळ मुलखात निघून गेली ती पुन्हा पडद्यावर आली नाही. सिनेमाही हरवला. कमल यांच्या ‘सेल्युलॉइड’ने (2013) ही कहाणी घरोघरी पोचवली.

मल्याळम सिनेमा आज ज्या धिटाईने स्वयंपाकघरात शिरतो, त्याच्या पायाशी हा दगड आहे. आणि धिटाई पडद्यापुरतीच राहू शकते, हेही केरळनेच दाखवून दिलं. 2017 मध्ये एका अभिनेत्रीवर झालेल्या अत्याचारानंतर अभिनेत्री आणि तंत्रज्ञ स्त्रियांनी संघटना काढली, सरकारने न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली, समितीने 2019 च्या डिसेंबरात अहवाल दिला, आणि तो लोकांसमोर यायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. साध्या स्वच्छतागृहाच्या सोयीपासून लैंगिक छळापर्यंतचं त्यात जे आलं, ते कोणत्याही मल्याळम पटकथेत इतक्या स्पष्टपणे आलेलं नव्हतं. मालेगावच्या सिनेमात बाई दिसत नाही, एवढं तरी डोळ्यांना उघड दिसतं.

*

2008 मध्ये फैजा अहमद खान ही दिग्दर्शिका मालेगावात आली. नासिर तेव्हा ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढत होते आणि फैजाने त्या खटाटोपाचाच माहितीपट केला: ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. जगभरच्या महोत्सवांत तो फिरला, आणि 2012 मध्ये आपल्याकडे थिएटरात लागला. तासाभराच्या या माहितीपटात यंत्रमागाच्या गावाची जेवढी माहिती आहे, तेवढी एखाद्या जाडजूड अहवालात सापडणार नाही.

त्यातला सुपरमॅन म्हणजे शफीक शेख. लूमवरचा कामगार, अंगाने काडी, छातीवर सुपरमॅनचं चिन्ह, पायात चप्पल, आणि चड्डीची नाडी बाहेर लोंबणारी. तो उडावा म्हणून ट्रकच्या बाजूला हिरवं कापड ताणलं जातं, म्हणजे मागचं दृश्य नंतर संगणकावर बदलता येईल. हे तंत्र नासिर यांनी खटपटीने शिकून घेतलेलं. शूटिंग करता करता एकदा कॅमेराच पाण्यात पडतो आणि सगळं ठप्प होतं. मध्येच शफीकचं लग्न निघतं, तेव्हाही काम थांबतं, कारण नवरदेवाला उडवता येत नाही.

अमेरिकेतला सुपरमॅन जगबुडीशी लढतो. मालेगावच्या सुपरमॅनचा शत्रू तंबाखू विकणारा, घाण पसरवणारा आहे. कथा लिहिणाऱ्यांना ही गंमत वाटली असेल. लूमवर झोप येऊ नये, भूक मरावी म्हणून गुटखा तोंडात धरणं हे इथलं रोजचंच. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती 2012 मध्ये, म्हणजे पुष्कळ उशिरा. शफीकला तोंडाचा कर्करोग झाला. सिनेमा पुरा झाला, गावात त्याला दाखवलाही गेला आणि थोड्याच काळात तो गेला. त्याच्या मित्रांनी त्याच्यासाठी पटकथेत जो खलनायक लिहिला होता, तोच शेवटी त्याच्या वाट्याला आला. एवढी नेमकी योजना कुठल्या लेखकाने केली असती, तर समीक्षकांनी तिला बटबटीत म्हटलं असतं.

माहितीपट पाहताना एक गोष्ट सतत टोचते. ही माणसं मुंबईपासून पावणेतीनशे किलोमीटरवर राहतात, रात्रीच्या बसने सकाळी पोचता येईल, पण ते अंतर त्यांना ओलांडता आलेलं नाही. काहींना ते ओलांडायचंच नाही. फरोग जाफरींसारख्या लेखकाचं दुखणं निराळं: मुंबईला आपली भाषा हवी आहे, नाव नको आहे, ही कुणकुण. त्यातलं थोडं पुढे खरंच ठरलं आणि थोडं सुखद रीतीने खोटं.

28 फेब्रुवारी 2025 ला रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरांत आला. त्याआधी सप्टेंबर 2024 मध्ये तो टोरंटो महोत्सवात दाखवला गेला होता. लेखन वरुण ग्रोव्हर यांचं. आदर्श गौरव नासिर, विनीत कुमार सिंह फरोग, शशांक अरोरा शफीक. सिनेमा मन लावून केलेला आहे, आणि लेखकाला त्याचं श्रेय मिळावं हे भांडण त्यात मध्यवर्ती ठेवलंय, हे विशेष. तरी सांगायला हवं, की त्यातलं मालेगाव जरा जास्तच देखणं आहे. प्रकाश सोनेरी, गल्ल्या नीटनेटक्या आणि मैत्री जरा धुवून-पुसून ठेवलेली. ज्यांच्यापाशी घोडे नव्हते, त्यांच्यावरचा सिनेमा घोडे परवडणाऱ्यांनी काढला, की हा फरक पडणारच. थिएटरात तो फार चालला नाही. ज्या कामगारांची ती गोष्ट, त्यांना त्या आठवड्यात बहुधा दुसरा एखादा मारधाडीचा पिक्चर जवळचा वाटला असणार. मालेगावचा प्रेक्षक मालेगावविषयी हळवा कधीच नव्हता.

लोकांच्या पैशातून लोकांचा सिनेमा, हा प्रयोग केरळात फार वेगळ्या मनोवृत्तीने झाला होता. जॉन अब्राहम या दिग्दर्शकाने आणि त्याच्या ‘ओडेसा’ मंडळींनी ऐंशीच्या दशकात गावोगाव सिनेमे दाखवत, वर्गणी मागत पैसे उभे केले आणि त्यातून 1986 मध्ये ‘अम्मा अरियान’ पुरा केला. तिकडे फिल्म सोसायट्यांचं जाळं होतं. अडूर गोपालकृष्णन आणि सोबत्यांनी 1965 मध्येच ‘चित्रलेखा’ सुरू केली होती. वाचनालयं होती, पक्षांच्या शाखा होत्या. 1965 च्याच, तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबरीवरच्या ‘चेम्मीन’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि कोळ्यांच्या वस्तीची गोष्ट दिल्लीपर्यंत गेली. मालेगावात वाचन होतं, राजकारण तर पुरेपूर होतं (समाजवादी निहाल अहमदांचं हे गाव), पण सिनेमाशी त्याची गाठ कोणी घातली नाही. इथला सिनेमा पक्षाने किंवा संस्थेने जोपासला नाही. त्याचा सगळा हिशेब पार्लरच्या गल्ल्यावर झाला. गल्ला आटला तसा तोही आटला. केबल आलं, मग सीडी, मग मोबाइल. पार्लरं एकेक करून बंद पडली.

त्या सिनेमांच्या कॅसेटींचं काय झालं, हा प्रश्न इथे निघतो आणि नाशिकमध्येच त्याला एक जुना दाखला आहे. फाळके 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला गेले तेव्हा त्यांची रिळं ठिकठिकाणी विखुरलेली होती. पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं. तिथे आलेले पी. के. नायर हे तिरुवनंतपुरमचे. फाळके कुटुंबाकडून मिळालेले तुकडे आणि फाळक्यांच्या वहीतल्या नोंदी यांच्या आधाराने त्यांनी ‘कालिया मर्दन’ (1919) पुन्हा जुळवला. आज छोटी मंदाकिनी फाळके कृष्ण होऊन पडद्यावर हावभाव करते, ते एका मल्याळी माणसाच्या चिकाटीमुळे. नायर 2016 मध्ये पुण्यात वारले. व्हिडिओ टेप वीस-तीस वर्षांत भुरभुरू लागते, बुरशी धरते. ‘मालेगाव के शोले’ला 2025 मध्ये 25 वर्षं झाली.

*

गाव मात्र थांबलेलं नाही. शफीक नाट्या या बुटक्या नटाला आज मालेगावापेक्षा बिहार-उत्तर प्रदेशात जास्त लोक ओळखतात, ते ‘छोटू दादा’ म्हणून. यूट्यूबवर ‘खानदेशी’ या नावाखाली जे विनोदी व्हिडिओ गेली दहा-बारा वर्षं निघतात, त्यातल्या पुष्कळांचा उगम मालेगाव आणि आसपासचा. एकेक व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिला गेला आहे. दादा कधी ट्रॅक्टरवाला, कधी गोलगप्पेवाला, कधी डॉक्टर. त्याच्याभोवती मार खाणारी तीच ती दहा माणसं. खेड्यातला रस्ता, माळ, विहीर, टपरी एवढा सेट. मराठी प्रेक्षकाला त्यात पाहण्यासारखं काही वाटत नाही, आणि ते तितकंच स्वाभाविक आहे, जितकं एकेकाळी दादा कोंडक्यांना नावं ठेवणं होतं. खुद्द नासिर शेख यांनीही मध्यंतरी सब टीव्हीसाठी ‘मालेगाव का चिंटू’ ही मूक विनोदी मालिका केली होती. चॅप्लिन आणि कीटनची जुनी शिकवणी तिथे उपयोगाला आली.

पण यूट्यूबने हिशेब बदलला. पार्लरमधल्या प्रेक्षकाला अहिराणी शिवी कळायची, अमुक चौकातला अमुक चहावाला कळायचा, त्यावर हशा मिळायचा. आता हशा पाटण्याच्या पोरालाही यायला हवा. त्यामुळे बोली सौम्य होत जाते, अहिराणीचा हेल ठेवायचा पण शब्द साध्या हिंदीचे वापरायचे, असं काहीसं होतं. गावाचं नाव तेवढं राहतं. केरळच्या बाबतीत नेमकं उलट घडलं: ओटीटीवर गेल्यावर मल्याळम दिग्दर्शकांनी आपली बोली आणखी गडद केली, त्रिशूरची वेगळी, कासरगोडची वेगळी, आणि बाहेरच्या प्रेक्षकाने उपशीर्षकं वाचून ती गोड मानली. तिथे सरकारचे पुरस्कार आहेत, 1996 पासूनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव आहे, सिनेमावर वाद घालणारी वर्तमानपत्रं आहेत. मालेगावच्या पोरामागे जाहिरातीचे पैसे देणारी एक कंपनी आहे, आणि तिचा मालेगावशी संबंध नाही.

स्त्रियांच्या बाबतीत थोडी हालचाल दिसते. या व्हिडिओंमधून बायका दिसतात, बोलतात, नवऱ्याला झोडपतात. अजूनही त्या बव्हंशी गावाबाहेरच्या. लूमचा धंदाही खाली-वर होतो: सुताचे भाव, विजेचं बिल, गुजरातेतल्या नव्या यंत्रांची स्पर्धा. आठवडी पगार तरी चुकत नाही, आणि शुक्रवारी मोहन थिएटरबाहेर रांग लागते. फटाक्यांच्या प्रकारानंतर सलमानचा ‘सिकंदर’ 2025 च्या ईदला आला, तेव्हाही मालेगावच्या थिएटरात आत फटाके फुटल्याच्या बातम्या आल्या. रांगेतल्या निम्म्या पोरांच्या मोबाइलमध्ये स्वतःचं चॅनेल आहे, त्यातल्या काहींवर फटाक्यांचा तोच व्हिडिओ त्यांनी स्वतः काढलेला आहे, आणि पाहणाऱ्यांचे आकडे बरे आहेत.